अस्तरातलं आभाळ

टाचणीमावशींच्या तोंडात टाचण्या नसल्या की समजावं, त्या एकतर जेवतायत नाहीतर प्रार्थना करतायत. एरवी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या धरूनच त्या बोलायच्या, हसायच्या आणि गिऱ्हाइकाला झापायच्याही. आयुष्यात एक टाचणी कधी पोटात गेली नाही. चर्चमध्ये उपदेश लांबला की त्यांचा हात आपोआप कॉलरपाशी जायचा आणि तिथे खोचलेली टाचणी ओठांकडे निघायची. मग शेजारी बसलेली लेक कोपरानं ढोसायची.

मावशी शिलाईचं काम करायच्या. उंचीनं बेताच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि स्वभाव विचाराल तर अस्तरासारखा, म्हणजे मऊ, पण आत पक्का शिवलेला. अस्तराचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. कोट कितीही झोकदार असू दे, मावशींनी तो हातात घेतला की आधी उलटा करायचा. आतल्या शिवणी बघायच्या, लोंबणारे दोरे बघायचे आणि मग माणसाबद्दल मत बनवायचं. एकदा एका नवऱ्यामुलाला त्यांनी चर्चच्या दारातच कोट काढायला लावला, कारण त्याच्या काठाशी एक दोरा दिसत होता. आत वधू ताटकळत उभी, बाहेर मावशी दातांनी दोरा तोडतायत. त्यांचं म्हणणं असं की बाहेरून सगळेच बरे दिसतात. कारागिराची लाज असते ती आत.

त्यांचे यजमान म्हणजे वरचे काका. हे नाव त्यांना बंदरात पडलं. सगळी हयात त्यांनी तिथे क्रेन चालवली. पहाटेच्या पाळीला अंधारात शिडी चढायची आणि त्या एवढ्याशा काचेच्या खोलीत एकट्यानं बसायचं. खाली माणसं मुंगीएवढी, वर सगळं आभाळ. बोलायला कोणी नाही, त्यामुळे घरी आले तरी काका मोजकंच बोलायचे. तारे मात्र त्यांना तोंडपाठ होते. काम सुरू होण्याआधी ते मान वर करून एकेक तारा बघून घ्यायचे. मावशींनी एकदा विचारलं होतं, "अहो, तुम्ही काय ताऱ्यांची हजेरी घेता?" काका म्हणाले, "घेत नाही, देतो. ते रोज येतात. मी आलोय की नाही, हे त्यांना कळायला नको?" हीच त्यांची प्रार्थना. सकाळी डोळे मिटून, हात जोडून जे इतर लोक करतात, ते काका डोळे उघडे ठेवून करायचे.

मावशींना हे कधी झेपलं नाही. आभाळाकडे बघितलं की त्यांना गारठल्यासारखं व्हायचं. इतकं मोठं, इतकं लांब, आणि त्यात धरायला काही नाही. त्यांचा देव हाताच्या अंतरावर असायचा. चर्चमधल्या लाकडी ख्रिस्ताच्या पायाचा अंगठा लोकांनी ओठ टेकून टेकून गुळगुळीत केला होता. मावशी दर रविवारी त्या अंगठ्याला हात लावायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. तुम्ही म्हणाल, मग हा संसार चालला कसा? चालला की. एक वर बघणारा आणि एक खाली बघणारी असली की निदान ठेच तरी लागत नाही.

भांडण मात्र एका गोष्टीवरून व्हायचं. वेदीच्या वरच्या छताला फार पूर्वी कुणा रंगाऱ्यानं निळा रंग देऊन त्यावर सोनेरी तारे काढले होते. सगळे एकाच मापाचे आणि सरळ रांगेत. मावशींना ते छत फार आवडायचं. काका त्याकडे बघायचेच नाहीत. ते मागे दाराशी बसायचे, जिथून खरं आभाळ वीतभर का होईना दिसायचं. "देवानं एवढं जिवापाड मांडलंय," ते म्हणायचे, "आणि ह्या बाबानं शर्टाची बटणं लावल्यासारखे तारे लावले. देवाच्याच घरात देवाची खोटी सही."

"अहो, श्रद्धेनं काढलंय त्यानं."

"श्रद्धेनं एकदा मान वर केली असती तर काय बिघडलं असतं?"

तर अशी ही दोघं. आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्या चर्चमध्ये एक चाल होती. कुणीही वारलं तरी शवपेटीवर एकच चादर घालायची, चर्चची. गोदीचा मालक असो नाहीतर कपडे धुणारी बाई, पेटी सागाची असो नाहीतर खोक्याच्या फळ्यांची, एकदा ती पांढरी चादर वर पडली की आत कोण आहे ते कळायचं नाही. ती चादर इतकी जुनी झाली होती की एका अंत्यविधीला तिचा काठच फादरांच्या हातात आला. गंभीर प्रसंग होता म्हणून कुणी हसलं नाही, पण फादर दुसऱ्याच दिवशी मावशींच्या दारात उभे राहिले.

"मावशी, नवी करायला हवी. पांढरी, वर सोनेरी क्रूस. बाप्तिस्म्याला बाळाला पांढरा झबला घालतो ना आपण, तोच हा झबला. फक्त मोठ्या मापाचा."

मावशींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "आणि अस्तर?"

"अस्तर काय, कुठलंही साधं चालेल. कोण बघतंय?"

"आतला माणूस बघतोय."

"मावशी, आतला माणूस आता काही बघत नाही."

"हे तुम्ही म्हणताय, फादर?"

फादर आधी गडबडले, मग मनापासून हसले. ते तरुण होते, पण हसण्यावारी नेण्याचं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. म्हणाले, "बरोबर पकडलंत. करा तुम्हाला हवं तसं."

मावशींच्या मनात काय होतं ते फादरांना माहीत नव्हतं. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला चादर झटकताना मावशींना तिची खालची बाजू दिसली होती. फाटलेल्या अस्तराला कुणीतरी पिठाच्या पोत्याचं ठिगळ लावलं होतं, आणि पीठगिरणीचं नाव नेमकं आईच्या तोंडावर आलं होतं. क्रूस वर, उभ्या असलेल्यांसाठी. आणि जिच्यासाठी सगळं चाललंय तिला काय, तर पिठाची जाहिरात. ही गोष्ट मावशींच्या मनात वर्षानुवर्षं काट्यासारखी सलत होती. त्यांनी फादरांसमोरच मनाशी ठरवलं, अस्तर गडद निळ्या साटीनचं करायचं आणि त्यावर तारे भरायचे. पडलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरं काय असतं? आभाळच की.

याच दिवसांत काकांचं हृदय थकत चाललं होतं. दोन पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी जे सांगायचं ते लेकीला सांगितलं, लेकीनं आईला सांगितलं, आणि काकांना कुणीच सांगितलं नाही, कारण त्यांना आधीच कळलं होतं. त्यांची खाट शिलाईच्या खोलीत खिडकीपाशी आणली. एका बाजूला मशीन, इस्त्रीचं टेबल, कापडाचे तागे, आणि दुसऱ्या बाजूला काका. घरात तिघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कुणी बोलत नव्हतं.

मावशींनी ताऱ्यांचं सांगितलं तेव्हा काका उशीवरून उठून बसले.

"कसले तारे? त्या छतासारखे?"

"मग कसले? तारे ते तारे."

"रांगेत लावलेस तर मी नाही येणार त्याच्याखाली," काका म्हणाले.

मावशींनी पटकन दोन टाचण्या ओठांत धरल्या. मग त्या म्हणाल्या, "बरं. कसे लावू ते सांगा."

काकांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे छापलेला आकाशाचा नकाशा काढायला लावला. त्यावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. मृग हवा, व्याध हवा, रोहिणी तांबूस हवी, कृत्तिकांचा पुंजका हवा. आपण पहाटे शिडी चढताना जे आभाळ असायचं, अगदी ते. "इकडचा तारा तिकडे नको," त्यांनी बजावलं. "त्यानं मांडलंय तसं मांड." मावशींनी मान डोलावली आणि मनाशी ठरवलं की आयुष्यभर ज्या गोष्टीत आपण लक्ष घातलं नाही ती यांना एकदा तरी जशीच्या तशी हातात द्यायची. त्यांना माहीत होतं की काका या चादरीखाली निजणार आहेत. काकांनाही माहीत होतं. ज्या आभाळाशी हा माणूस आयुष्यभर बोलला ते त्याला शेवटी खोटं मिळता कामा नये, एवढीच मावशींची धडपड होती.

नकाशावर त्यांनी चौकोन आखले, वर्तमानपत्राच्या कागदावर तो मोठा केला आणि साटीनवर खडूनं खुणा केल्या. मग भरतकामाची रिंग लावून एकेक तारा भरायला बसल्या. मोठे तारे पांढऱ्या रेशमानं भरून काढायचे, बारीक ताऱ्यांना गाठीचा टाका. रिंगमध्ये एका वेळी बशीएवढंच आभाळ दिसायचं, बाकीचं गुंडाळलेलं. काका खाटेवरून चौकशा करायचे, मधेच डोळा लागायचा, पुन्हा जागे व्हायचे.

"काय पुटपुटतेस गं मघापासून?"

"टाके मोजतेय."

हे खोटं होतं. मावशी नावं घेत होत्या. गाठ आवळताना प्रत्येक ताऱ्याला त्या जुन्या चादरीखालून गेलेलं एकेक माणूस आठवायच्या आणि देवाला म्हणायच्या, याला सांभाळ. पाववाली बाई, जिच्याशी त्यांचं अबोल्यापर्यंत भांडण झालं होतं. चांभार, जो जोडीतला एक बूट हटकून हरवायचा. सुईण. शाळेची घंटा देणारे आजोबा, ज्यांची शाळा सुटायची घंटा नेहमी लवकर व्हायची. आभाळात धरायला काही नव्हतं ना, म्हणून मावशींनी ते माणसांनी भरलं. पण हे नवऱ्याला सांगायची त्यांना लाज वाटली. एवढ्या मोठ्या आभाळात आपण पाववालीला बसवलं, हे ऐकून ते हसतील असं त्यांना वाटलं.

काम संपलं त्या रविवारी दुपारी लेक आली होती. मायलेकींनी साटीन दोन टोकांना धरलं, काकांच्या खाटेवर आडवं ताणलं, आणि तारे खाली, काकांकडे केले.

काका बघत राहिले. त्यांची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, मधेच थबकली. मग ते म्हणाले, "छान आहे."

"बाबा, नुसतं छान?" लेक म्हणाली. "आईची बोटं बघा, चाळण झालीय."

"फार छान आहे. हात दुखतील, खाली घ्या."

लेक खूश झाली. मावशी झाल्या नाहीत. हा माणूस चहात साखर नसली तरी "छान आहे" म्हणायचा आणि मुकाट्यानं पिऊन टाकायचा. रात्रभर त्यांना ते "छान आहे" टोचत राहिलं. सकाळी काका झोपेत असताना त्यांनी टेबलावर साटीन पसरलं आणि शेजारी नकाशा ठेवला. थोडा वेळ काही कळेना. सगळे तारे होते, कुणी हरवलं नव्हतं. मग त्यांनी व्याधावर बोट ठेवलं. नकाशात तो मृगाच्या डाव्या अंगाला होता. साटीनवर उजव्या. रोहिणी नकाशात उजवीकडे, साटीनवर डावीकडे. सगळं आभाळ आरशात बघितल्यासारखं उलटं झालं होतं.

चूक कुठे झाली ते त्यांना लगेच कळलं, आणि कळल्यावर त्या स्टुलावर बसल्याच. शिंप्याचा हात खडूची खूण नेहमी कापडाच्या उलट बाजूला करतो, कारण सुलट बाजूवरचा खडू साटीनवरून जात नाही. लहानपणापासून मावशींनी असंच केलं होतं. याही वेळी नकाशा उलट बाजूवर उतरवला, खुणेखुणेतून कच्चा दोरा पलीकडे काढला आणि सुलट बाजूला तारे भरले. बाह्यांना हे चालतं. बाह्या दोन असतात, एकीची चूक दुसरीत मिटते. आभाळ एकच असतं. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती, चांगल्या शिंपिणीकडूनच व्हायची होती.

काका जागे झाले तेव्हा मावशी खाटेशी उभ्या होत्या. तोंडात एकही टाचणी नव्हती. काकांनी तेवढ्यावरून ओळखलं.

"तुम्हाला काल दिसलं होतं," मावशी म्हणाल्या.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी खपलीस तू. कशाला बोलायचं?" काका थांबून श्वास घेत म्हणाले. "आणि अगं, माझे डोळे मिटलेलेच असणार की."

झालं, जे कुणी बोलत नव्हतं ते बोललं गेलं. मावशींना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत राग आधी बाहेर पडला. "मिटलेले असणार तर मी इतके दिवस काय झक मारली? मला तुम्हाला तुमचं आभाळ द्यायचं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही, तुमचं. छतावरच्या बटणांना नावं ठेवणाऱ्या माणसाला मी आरशातले तारे देऊ? उसवते मी हे सगळं."

"राहू दे गं."

"नाही राहू देणार."

त्यांनी बारीक कात्री घेतली आणि पहिला हाताला लागला तो तारा उसवला. ती नेमकी पाववाली निघाली. दोरा निघाला, पण साटीनवर सुईची भोकं तशीच राहिली. इस्त्री फिरवली, पाण्याचा हात फिरवला, नखानं घासलं. साटीन एकदा टोचलं की टोचलं. पाववाली जिवंतपणी जशी हलायची नाही तशीच आताही हलेना. आणि मावशींच्या लक्षात आलं की आपण तिचं नाव काढून टाकतोय. जिला आपण देवाच्या हवाली केली तिलाच पुन्हा ओढून घेतोय. त्यांचा हात थांबला.

भोकं किती दिसतात ते बघावं म्हणून त्यांनी साटीन उचललं आणि खिडकीच्या उजेडात वर धरलं. त्यांच्याकडे सुलट बाजू होती, खाटेकडे उलट.

"थांब," काका म्हणाले. "तसंच धर. हलू नकोस."

मावशींनी मान वळवून बघितलं. काका कोपरावर रेलून त्या उलट बाजूकडे बघत होते. गाठी, आडवेतिडवे धागे, एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे ओढलेली दोऱ्याची शेपटं, खडूचे डाग. मावशींनी आयुष्यात कुणाला दाखवली नसती अशी बाजू. पण तारे जागच्या जागी होते.

"व्याध," काका म्हणाले. "बघ, इथेच असायचा. मी शिडीच्या वरच्या टोकाशी यायचो तेव्हा इथेच."

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "ती माझी आई आहे."

"काय?"

मग सांगावंच लागलं. टाके मोजत नव्हते, नावं घेत होते, प्रत्येक तारा कुणाचा तरी आहे. काका हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्यांत तेजस्वी तारा. सासूबाईंचा आवाजही तसाच होता." आणि मग बोट पुढे करून, "रोहिणी?"

"सुईण."

"तो बाजूचा बारका?"

"चांभार."

काका ताऱ्याचं नाव सांगायचे आणि मावशी माणसाचं. हात भरून आले तरी त्यांनी साटीन खाली घेतलं नाही. कृत्तिकांच्या पुंजक्यात, त्या म्हणाल्या, बाप्तिस्म्यानंतर लगेच गेलेली गावातली लहान पोरं आहेत, त्यांना एकटं ठेववेना म्हणून जवळजवळ बसवलीत. काकांनी डोळे पुसले. असे लपवाछपवी न करता डोळे पुसताना मावशींनी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"मला तिथे वर फार एकटं वाटायचं," काका म्हणाले. "कधी बोललो नाही. सगळं इतकं सुंदर, आणि जवळ कुणी नाही. देव आहे हे कळायचं, पण घर नाही वाटायचं. आता वाटतंय."

जे आभाळ बघून आजवर मावशींच्या अंगावर काटा यायचा तेच आता हातांत होतं, आणि ऊबदार होतं. त्या दिवसापासून काका रोज सकाळी साटीन धरायला लावायचे आणि दोघं मिळून नावं घ्यायची. फादर एकदा काकांसाठी प्रभुभोजनाचा प्रसाद घेऊन आले तेव्हा हे चालू होतं. ते दाराशी थांबले आणि संपेपर्यंत आत आले नाहीत. आमेन तेवढं त्यांनी म्हटलं.

एक प्रश्न उरला होता. चादर अजून शिवून बंद केलेली नव्हती. वरचं पांढरं वेगळं, अस्तर वेगळं. अस्तराची कुठली बाजू खाली घ्यायची?

"सुलट बाजू खाली घे," काकांनीच सांगून टाकलं. "मला माझं बघून झालं. चादर सगळ्या गावाची आहे. माझ्यापायी तुझी कारागिरी आत झाकून गाठी बाहेर दाखवायच्या? लोक काय म्हणतील? टाचणीमावशीला अस्तर लावता येईना झालं. तसं मला नाही चालणार. नीट शीव."

"बरं," मावशी म्हणाल्या. पण शिवलं नाही. टाचण्या लावायच्या, काढायच्या. सुलट बाजू खाली धरली की ती चादर बघवायची, पण ते आभाळ यांचं नव्हतं. उलट बाजू खाली धरली की आभाळ यांचं, पण ती बाजू बघून त्यांना अंगावरचा कपडाच उलटा घातल्यासारखी लाज वाटायची. बरं, गाठी कापून टाकाव्यात तर तारेच सुटणार.

काका गेले ते सकाळी, चहा निवत असताना. मावशींनी बशीत ओतलेला चहा त्यांच्यापुढे केला, आणि त्यांनी हात पुढे केला नाही, एवढंच. लेक आली, फादर आले, शेजारचे आले. पेटीचं माप घेतलं गेलं. दुपारी मावशींनी सगळ्यांना शिलाईच्या खोलीतून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून मशीनचा आवाज आला नाही. त्या हातानं शिवत होत्या.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. बंदरातली माणसं मागे, काकांच्या दाराशी उभी होती, आणि पुढे मावशींचं सगळं गिऱ्हाईक. कुणाच्या झंपराची शिवण, कुणाच्या कोटाचं अस्तर त्यांनी आयुष्यभर तपासलेलं. फादरांनी खूण केली. चादर घालायचा मान घरच्यांचा असतो. एका बाजूनं मावशींनी धरली, दुसऱ्या बाजूनं लेकीनं. वर सोनेरी क्रूस इतका देखणा उतरला होता की बायकांत कुजबुज झाली.

पेटीवर घालण्यासाठी चादर उंच झाली तेव्हा लेकीला खालची बाजू दिसली. गाठी, धागे, खडू. पुढच्या दोन बाकांनाही दिसली. कुणीतरी शेजारणीच्या कानाला लागलं.

"आई," लेक ओठ न हलवता म्हणाली, "उलटी बाजू आलीय. थांब, आपण आत नेऊन पटकन..."

"मीच लावलीय."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या बाबांना तारे जागच्या जागी लागतात."

लेकीनं वडिलांच्या पेटीकडे बघितलं, मग आईकडे, आणि आपलं टोक खाली सोडलं. मावशींनी काठ सारखा केला. फादर जवळ उभे होते. त्यांना वाटलं, ही उलटी बाजू आता या एका अंत्यविधीपुरतीच असेल. म्हणून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, नंतर हवं तर अस्तर सावकाश पालटून घ्या. बाकीच्यांसाठी."

"नाही, फादर," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांना असंच राहू दे. आणि माझ्या वेळी तर असंच. मला त्यातली माणसं तेवढी ओळखता येतात, नक्षत्रं नाहीत. ह्यांना विचारावं लागेल, आणि ह्यांना उलटं कळत नाही."